पापड मोडू नका, कविता चालू आहे

शनिवारी संध्याकाळी मी कुठे असतो हे या सदराच्या वाचकांना सांगायला नको. बारचं नाव मात्र पुन्हा विचारू नका. मागे बोलता बोलता तोंडून सुटून गेलं, तर पुढच्याच आठवड्यात काही वाचक माझ्या टेबलावर येऊन माझ्या खात्यावर सुरमई मागवून मोकळे झाले. अलिबाग, समुद्राच्या अंगाला, कोपऱ्यातला पंखा. एवढं पुरे.

तर परवा तिथे मसाला पापड आला. मी त्याचा कोपरा मोडला. पलीकडच्या टेबलावरची मुलगी वळली आणि तिने ओठांवर बोट ठेवलं. परमिट रूममध्ये! जिथे माणसं एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात, ग्रामपंचायतीचे निकाल मतदानाआधीच लावून टाकतात, तिथे मला पापड मोडला म्हणून गप्प बसवलं.

मान वर करून पाहिलं तर टीव्हीखाली एक तरुण माइक धरून उभा. मोबाइलमध्ये बघून कविता वाचत होता. टीव्हीवर क्रिकेट चालू, आवाज बंद. त्यामुळे कवीच्या डोक्यावर कोणीतरी सारखं षटकार मारत होतं.

गल्ल्यावर माझ्या मित्राचा मुलगा बसतो. त्याला खुणेने बोलावलं. "काका, आता दर शनिवारी पोएट्री ठेवलीय," तो कुजबुजला. "मुंबईची पब्लिक रो-रोने गाड्या घेऊन मांडव्याला उतरते. संध्याकाळी काय करायचं त्यांनी?"

"समुद्र आहे की."

"समुद्राचं बिल करता येत नाही ना, काका."

पोरगा धंद्यात मुरलाय.

कविता आणि पेय यांची सोयरीक काही आजची नाही. पुण्यात माधव जूलियन, यशवंत, गिरीश ही मंडळी रविवारी चहाला जमायची, एकमेकांना कविता ऐकवायची. त्यातूनच १९२३ साली रविकिरण मंडळ उभं राहिलं. त्यांच्या काव्यगायनाचा बोलबाला इतका झाला की अत्र्यांनी 'झेंडूची फुले' लिहून सगळ्यांचा एकगठ्ठा समाचार घेतला. मुंबईत काळ्या घोड्याजवळच्या वेसाइड इनमध्ये अरुण कोलटकरांची गुरुवारची बैठक असायची. तिथून दिसलेला रस्ता २००४ साली 'काळा घोडा पोएम्स'मध्ये आला. पण चहा असो की वेसाइड इन, शेजारच्या माणसाला आपलं खाणं आवाज करून खायची मुभा होती. माझं म्हणणं तेवढंच आहे.

परवाची कविता संपली. टाळ्या नाहीत. सगळ्यांनी चुटक्या वाजवल्या. ही म्हणे आता रीतच आहे, टाळीने म्हणे कवीचा मूड जातो. आमच्या घरात चुटकी वाजायची ती जांभई आली की, तोंडासमोर. त्यामुळे कविता संपताच अख्ख्या बारला एकदम जांभई आली असं वाटून मला जरा बरं वाटलं. म्हटलं, श्रोते प्रामाणिक आहेत. वेटरचा समज निराळा झाला. त्याच्या धंद्यात चुटकी म्हणजे ऑर्डर. बिचारा प्रत्येक कवितेनंतर धावत यायचा, पेन काढून उभा राहायचा, आणि त्यानेच वृत्तभंग केल्यासारखे सगळे त्याच्याकडे बघायचे. खरं तर वृत्त त्या संध्याकाळी कोणाकडेच नव्हतं. शेवटी एका कवितेनंतर त्याने आपल्या मनानेच दोन सोडे आणून ठेवले. ती कविता विरहाची होती.

इकडे माझा पापड. मसाला पापडाला थांबणं माहीत नाही. कांदा-टोमॅटोला पाणी सुटतं, लिंबू आत मुरतं, मधला भाग चामट होतो आणि कडेचा तेवढा पट्टा कुरकुरीत उरतो. मी एक तुकडा जिभेवर ठेवून बिनआवाजी विरघळवायला बसलो. तोवर दुसरे कवी आले होते. त्यांच्या आत एक समुद्र होता. ते तसं पुन्हा पुन्हा सांगत होते. आता रायगडात हे काय सांगायचं? आमच्या खारेपाटात उधाणाला बांध फुटला की समुद्र आत येतो, भातशेतीत उभा राहतो आणि मग तलाठी पंचनाम्याला येतो. आत आलेल्या समुद्राचं कौतुक करायला वडखळच्या अलीकडचा माणूस नव्हे, पलीकडचाच लागतो.

बरं, थांबवायचं कोणी? दारूला राज्यात वयाची अट आहे. बिअरला २१, कडक मालाला २५. शिवाय पिणाऱ्याला परवाना लागतो, तो कोणी खिशात घेऊन फिरत नाही हा भाग वेगळा. कवितेला वय नाही, परवाना नाही, आणि कहर म्हणजे लास्ट ऑर्डर नाही. उरणला विमला तलावाच्या मधुबन कट्ट्यावर कोमसापची मंडळी महिन्याच्या महिन्याला कविता वाचतात, तिथे निदान उठून तलावाला फेरी मारता येते. इथे उठायचं तर बिल मागावं लागतं, बिल मागायचं तर वेटरला हाक मारावी लागते, आणि हाक मारली की पुन्हा ती मुलगी आणि तिचं बोट.

खरं तर कवीला आवरायची फार चांगली सोय आपल्याच जिल्ह्यात आहे. पोपटी. थंडीत आपल्याकडे पोपटी कविसंमेलनं होतात, ती ज्याने कोणी पहिल्यांदा योजली त्याला कवी आणि श्रोते दोघांची नस ठाऊक होती. शेतात मडकं लावायचं. आत भांबुर्डीचा पाला, वालाच्या कोवळ्या शेंगा, मीठ, ओवा, बटाटे, अंडी, मध्ये केळीच्या पानात बांधलेली कोंबडी. पाण्याचा थेंब घालायचा नाही. तोंडात पुन्हा पाला कोंबायचा, मडकं उपडं ठेवायचं, भोवती काटक्या आणि पेंढा रचून पेटवायचा. आणि मग कविता. अर्धा-पाऊण तास, त्याच्यावर एक मिनिट नाही. मध्येच कोणीतरी जाणता उठतो, मडक्यावर पाण्याचा शिंतोडा मारतो. नुसतं ओघळलं तर अजून एक कवी. चर्र होऊन लगेच सुकलं की अध्यक्ष असोत नाहीतर उद्घाटक, ओळ अर्धी राहिली तरी चालेल, मडकं करपता कामा नये. आणि एखादी कविता खरंच जमली तर लोक म्हणतात, "होऊ दे, तोवर राख बाजूला करतो." पोपटीचा वास सुटलेला असताना कवीला मिळालेली ही तीन-चार मिनिटं! साहित्य अकादमीच्या पुरस्कारापेक्षा मला त्याचं मोल जास्त वाटतं.

हल्ली यातही भेसळ आहे. रिसॉर्टवाले वर्षाचे बारा महिने पोपटी देतात. वाल भात कापल्यावर जमिनीतल्या ओलीवर येतो, भांबुर्डी त्याच सुमाराला बांधावर आपोआप उगवते. मे महिन्यात तुम्ही मडक्यात काय घालता? तर म्हणे फ्रोजन मटार आणि कोबीची पानं. कोबीची पानं! वर कोणी मडकं गॅसवर ठेवतं, कोणी ओव्हनमध्ये. भांबुर्डीचा तो उग्र वास शेंगेत उतरला नाही तर ती उकडलेली शेंग, पोपटी नव्हे. आणि कोंबडी-शेंगा एकाच मडक्यात की वेगळ्या, या वादात आमच्या घरात सूनबाई विरुद्ध मी असे दोन पक्ष आहेत. माझं मत एकाच मडक्यात. शेंगेला कोंबडीचा रस लागला पाहिजे. सूनबाई शाकाहारी आहे, त्यामुळे तिचं मत तुम्ही ओळखलंच.

वाल अजून थोडे दिवस कोवळा मिळेल, मग शेंग निबर होते. तेव्हा ज्यांच्याकडे शेत आहे, बांधावर भांबुर्डी आहे आणि कवी बेताचे आहेत, त्यांनी लवकर कळवावं. मीठ-ओवा मी आणतो. मडकी मात्र दोन लावा, मला संध्याकाळी घरी परत जायचं असतं.