कुर्बान हुसेन यांना आपण साक्षीदार करून टाकले आहे

दरवर्षी 12 जानेवारी जवळ आली की मोबाईलवर एक फोटो फिरू लागतो. चार चेहरे आणि खाली चार नावे: मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. 1931 साली याच दिवशी येरवड्याच्या तुरुंगात या चौघांना फाशी दिले गेले. आपल्या लोकांच्या ग्रुपमध्ये या फोटोखाली हमखास एक ओळ असते, आमचेही रक्त या मातीत सांडले आहे, अशा अर्थाची. भावना खरी आहे. पण मला ती ओळ दरवर्षी खटकते.

कारण त्या ओळीत कुर्बान हुसेन साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे असतात. आपल्या देशप्रेमावर कुणी शंका घेतली की त्यांना पुढे करायचे आणि काम झाले की पुढच्या जानेवारीपर्यंत विसरायचे. शंका घेणाऱ्याचे समाधान तसेही होत नाही. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. माझ्या मुलांना 'चार हुतात्मे' हे शब्द माहीत आहेत, त्यातले एक मुसलमान होते हेही माहीत आहे. पण ते काय काम करत होते, असे विचारले की वर्ग गप्प होतो. ते गिरणी कामगारांचे पुढारी होते आणि 'गझनफर' नावाचे वर्तमानपत्र चालवत होते, हे सांगावे लागते. गझनफर म्हणजे सिंह, एवढे मात्र मुले लगेच सांगतात. उर्दूचा तेवढा फायदा!

कामगारांचे पुढारी हा तपशील गाळला की मे 1930 चे सोलापूर कळतच नाही. ते गाव भोंग्यावर चालणारे होते. जुनी गिरणी, लक्ष्मी, विष्णू, नरसिंगगिरजी अशा गिरण्यांत मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी बोलणारे लोक एका छपराखाली राबत. तेलंगणातून आलेले पद्मशाली होते, आपले मोमीन होते, खेड्यांतून दुष्काळाने हाकललेले शेतकरी होते. आणखी एक वर्ग होता, ज्याची आठवण फारशी कुणी काढत नाही. ब्रिटिशांनी ज्यांना जन्मानेच गुन्हेगार ठरवले त्या जमातींना सोलापुरात तारेच्या कुंपणाआड ठेवले होते आणि तिथली माणसेही गिरण्यांत कामाला जात. ते कुंपण कायद्याने उठले 1952 साली, म्हणजे स्वातंत्र्य मिळून पाच वर्षे झाल्यावर.

1922 च्या कायद्याने कामाची मर्यादा ठरवली होती, दिवसाला 11 तास आणि आठवड्याला 60. ही सुधारणा होती, म्हणजे आधी काय असेल याचा विचार करा. 1920 मध्ये सोलापुरात मोठा संप झाला, 1928 मध्ये पुन्हा झाला. मार्च 1929 मध्ये सरकारने देशभरातल्या कामगार पुढाऱ्यांना पकडून मीरतच्या खटल्यात अडकवले. त्या आरोपींत मुंबईचे डांगे होते, तसे मुजफ्फर अहमद आणि शौकत उस्मानीही होते. अशा काळात विशीतला एक मुलगा गिरणीच्या दारात उभा राहून बोलत होता आणि वर्तमानपत्र काढत होता. सरकारच्या डोळ्यांत तो का सलत असेल, हे वेगळे सांगायला नको.

5 मे 1930 रोजी गांधीजींना अटक झाली. सोलापुरात गिरण्या बंद पडल्या, लोक रस्त्यावर आले. 8 मे रोजी पोलिसांनी गोळीबार केला, माणसे मेली. चिडलेल्या जमावाने मंगळवार पेठेतली पोलीस चौकी आणि न्यायालय पेटवले. पोलिसही मारले गेले. तेही कुणाच्या घरचे होते, हे मी वर्गात सांगते, लपवत नाही. पुढचे काही दिवस गावात सरकार असे उरलेच नव्हते. मग 12 मे रोजी मार्शल लॉ लागला आणि जूनअखेरपर्यंत राहिला. गांधी टोपी घालून फिरणे हाही गुन्हा झाला. पोलिसांच्या खुनाचा खटला ज्यांच्यावर चालला आणि फाशीपर्यंत गेला, ते हे चौघे.

चार नावांवरूनच चार समाज दिसतात, म्हणून भाषणांत या चौघांना एकतेचे प्रतीक म्हणतात. म्हणू द्या. पण ही एकता सभांमधल्या गोड बोलण्यातून आली नव्हती. एकच भोंगा, एकच मुकादम आणि पगारातून कापला जाणारा तोच दंड, यांनी गिरणीतल्या माणसांना एकमेकांजवळ आणले होते. आणि ती पूर्णही नव्हती. त्याच काळात मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि त्यांचे तोंड लागलेला धोटा इतरांना चालत नसे. त्या खात्यात पगार जास्त, म्हणजे विटाळाचा हिशेब थेट रुपयांत होता. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला, तेव्हा लाल झेंडेवाल्यांनाही अडचणीचे वाटले.

यावर आपण 'इस्लाममध्ये मसावात आहे' असे म्हणून मोकळे होतो. आहे, नमाजच्या सफेत आहे. पण रिश्ता ठरवताना बिरादरी विचारली जाते आणि 'जुलाहा' हा शब्द आपल्याच घरांत शिवीसारखा वापरला जातो. ज्या मोमीन विणकरांच्या कष्टांवर मालेगाव आणि भिवंडी उभी आहे, त्यांच्यासाठी! सच्चर समितीवर तासभर बोलणारे लोक या मुद्द्यावर पाणी प्यायला उठतात.

गिरण्या आता बंद पडल्या. पण सोलापुरात विडी वळणाऱ्या बायका आहेत, पद्मशाली आहेत, मुसलमान आहेत. शहराजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी 10 हजार घरांची वसाहत झाली, तिला गोदूताई परुळेकरांचे नाव आहे. घरासाठी त्या बायकांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले. धर्म वेगवेगळे होते, मागणी एकच होती. कुर्बान हुसेन यांचे काम पुढे कुठे चालू राहिले असे मला कुणी विचारले, तर मी पुतळ्याकडे नाही, या वसाहतीकडे बोट दाखवेन.

माझ्या वर्गातही अशा घरांतल्या मुली आहेत, ज्या शाळेतून गेल्यावर आईसोबत पानं कापायला बसतात. हजार विड्यांमागे किती मिळतात आणि खराब म्हणून किती बाजूला काढतात, हे त्यांना पाढ्यासारखे पाठ आहे. जानेवारीच्या जलशात पाहुण्यांच्या खुर्चीवर दरवर्षी नगरसेवक असतात. पुढच्या वेळी तिथे यांच्यापैकी एखादीची आई बसवावी आणि माईक तिच्या हातात द्यावा, असे मी आमच्या मोहल्ला कमिटीला लिहून दिले आहे. अजून उत्तर आलेले नाही.