सातची बॅच

माझ्या जिमच्या मेंबरशिपबद्दल न बोललेलंच बरं. पैसे भरले वर्षभराचे, गेले मोजून अकरा दिवस. त्यामुळे परवा मावशी फोनवर म्हणाली, ‘अगं, मी व्यायामाचा क्लास लावलाय,’ तेव्हा मी आधी हसले. मग घाबरले.

मावशी सहासष्ट वर्षांची. दोन वर्षांपूर्वी तिला ब्रेस्ट कॅन्सर झाला. ऑपरेशन, किमो, रेडिएशन, सगळं पार पडलं. तेव्हापासून घरात एकच पालुपद. तू बस! बादली उचलू नकोस, कुकर उतरवू नकोस, पिशवी इकडे दे. आम्हाला वाटायचं, यालाच काळजी म्हणतात.

‘आणि हात सुजला तर?’ मी विचारलंच. या ऑपरेशननंतर हाताला सूज येऊ शकते, म्हणून त्या हाताने जड काम नको, असं बायकांना वर्षानुवर्षं सांगितलं जायचं. या समजाला पहिला मोठा धक्का दिला तो एका होडीने. १९९६ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये डॉ. डॉन मॅकेन्झी यांनी ब्रेस्ट कॅन्सरमधून बाहेर पडलेल्या २४ जणींना सराव देऊन चक्क ड्रॅगन बोट वल्हवायला बसवलं. सीझन संपला, तरी कुणालाही नव्याने सूज आली नव्हती. आज अशा होड्या अनेक देशांत आहेत.

तरी खात्री करायला मी एका सकाळी मावशीबरोबर गेले. हॉलमध्ये दहा-बारा खुर्च्या, साठी ओलांडलेली मंडळी, सगळे कॅन्सरमधून उठलेले. डंबेल्स म्हणजे पाण्याच्या बाटल्या. खुर्चीतून हात न टेकता उठायचं, बसायचं, परत उठायचं. फिजिओथेरपिस्ट मुलगी एकेकाच्या खांद्याकडे बघत फिरत होती. मधल्या वेळात चर्चा रंगली ती किमोनंतर कुणाचे केस कुरळे उगवले यावर. आमच्या घरात या विषयावर कुणी हसायची हिंमत केली नसती.

परतताना मी विचारलं, ‘हेच सगळं यूट्यूबवर आहे की. घरी का नाही करत?’

‘घरी मी पेशंट असते गं,’ मावशी म्हणाली. ‘तिथे नुसती तिसऱ्या खुर्चीवरची. आणि एक दिवस गेले नाही तर दहा वाजेपर्यंत चार फोन येतात.’ मग जरा थांबून म्हणाली, ‘आमच्यातल्या एकीचा आजार परत आलाय. तिलाही आम्ही रोज फोन करतो.’

यावर माझ्याकडे बोलण्यासारखं काही नव्हतं.

२०२५ मध्ये एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर ऑपरेशन आणि किमो झालेले ८८९ पेशंट्स. निम्म्यांना चांगल्या सवयींची माहितीपुस्तिका दिली. बाकीच्यांना पुस्तिका तर दिलीच, शिवाय तीन वर्षं व्यायामाचा कार्यक्रम आणि पाठपुरावा करणारा ट्रेनर. आठ वर्षांनी पुस्तिकावाल्यांपैकी सुमारे ८३ टक्के हयात होते, ट्रेनरवाल्यांपैकी ९० टक्के. हा काही ग्रुप क्लास नव्हता, पण मला त्यात मावशीचेच चार फोन ऐकू आले. सल्ला दोघांनाही मिळाला होता. ‘काल का नाही आलात?’ असं विचारणारं माणूस मात्र एकाच गटाला होतं.

तुमच्या घरातही असं कुणी असेल, तर आधी त्यांच्या डॉक्टरांशी बोला. हाडं नाजूक झाली असतील किंवा हाताला सूज असेल तर व्यायाम वेगळा लागतो. मग जवळपास असा क्लास शोधा आणि पहिल्या दिवशी सोबत जा. आणि हो, भाजीची पिशवी त्यांच्या हातातून लगेच काढून घेऊ नका.

मावशी परवा स्वतः कुकर उतरवत होती. मी उठले, आणि परत बसले.

माझी मेंबरशिप? अजून दोन महिने शिल्लक आहे. मावशीला सांगून ठेवलंय, सकाळी सातला फोन कर.