या 'शॅल'चं करायचं काय?

इंग्रजीतल्या 'शॅल'इतका लबाड शब्द माझ्या पाहण्यात नाही. 'आय'शेजारी बसला की नुसता भविष्यकाळ, 'यू'ला चिकटला की हुकूम, आणि 'शॅल आय?' म्हटलं की नव्या जावयासारखा विनम्र! (जुन्या जावयांविषयी आपण बोलत नाही.) चहाच्या टेबलावर चालेल हो हे सारं. पण कायद्यात? आपल्या राज्यघटनेच्या ३२०व्या कलमात, सरकारी नोकरावरच्या शिस्तीच्या प्रकरणांत लोकसेवा आयोगाचा सल्ला घेण्याबद्दल सांगितलंय, तिथं हाच 'शॅल' बसलाय. कुठलाही पापभीरू कारकून त्याचा अर्थ 'मस्ट' असाच घेणार. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, सल्ला घ्यायचा राहिला तरी तेवढ्यानं कारवाई रद्द होत नाही! म्हणजे नोकरी याची जाणार आणि अर्थ ते लावणार. अमेरिकेनं २००७ साली दिवाणी दाव्यांच्या संघीय नियमांतून याला हाकललं, तर २०१० साली ५६व्या नियमात स्वारी परत हजर. तिथं 'मस्ट'ही जमेना आणि 'शुड'ही. अहो, आमच्या मराठीत 'च' आहे ना! 'सल्ला घेतलाच पाहिजे.' लावा की तो! पण मग साहेबांनी पळवाट कुठून काढायची?