दादाची फियाट आणि डिकीतला ढोल

जुन्या गाडीला नवे इंजिन बसवावे की नाही, यावरून आमच्या घरात सध्या दोन तट पडले आहेत. गाडी माझ्या थोरल्या भावाची, १९७२ ची फियाट. दादा गेल्यावर ती पुतण्याकडे आली. त्याचा बेत असा की एस्टीमचे इंजिन टाकायचे, चारी दारांत स्पीकर आणि डिकीत अ‍ॅम्प्लिफायर नि सबवूफर. त्याला वाटले, काका मास्तर, ते 'जुने ते सोने' म्हणणार. मी तसे म्हणत नाही. गाडी चालली पाहिजे, तिचे काय लोणचे घालायचे आहे? तरीही या बेताला माझा विरोध आहे. फोनवर तो दर वाक्याला "हो काका" म्हणतो आणि विषय तिथेच संपतो, म्हणून सविस्तर लिहितो. बाकीच्या मंडळींनीही वाचावे, कारण अर्धे घर त्याच्या बाजूला आहे.

मूळ इंजिन १०८९ सीसीचे, ताकद जेमतेम चाळीस अश्वशक्ती. आजच्या हिशेबाने काहीच नाही, कबूल. पण याच घराण्यातल्या पद्मिनी मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्सी होऊन दिवसरात्र धावल्या. त्यातली शेवटची २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. टॅक्सीवाल्यांना कुठला आला शौक! इंजिन उतरवायचे, बोअर करायचे, नवे पिस्टन-रिंगा टाकायच्या, की पुन्हा धंद्याला. दादाची गाडी निळा धूर सोडते म्हणजे ऑइल जळते आहे. रिंगा झिजल्या असतील, नाहीतर व्हॉल्व्हची सिले गेली असतील. घाटात तापते, त्याला आधी रेडिएटर पाहावा, तो आतून चोंदलेला असतो. या दुखण्यांना औषध आहे. माणसाला दम लागतो म्हणून कुणी थेट हृदय बदलायला सांगत नाही, आधी छाती तपासतात.

आता एस्टीमचे इंजिन. ते त्या गाडीत आडवे बसते आणि पुढची चाके फिरवते. फियाटमध्ये इंजिन उभे, मागे लांब शाफ्ट आणि ताकद मागच्या चाकांना. म्हणजे इंजिनाबरोबर गिअरबॉक्स दुसरा, माउंटिंग दुसरे, शाफ्ट कापून जोडायचा. स्टिअरिंगवरचा गिअर जाऊन खाली दांडा येणार. इतके केल्यावर ताकद जवळजवळ दुप्पट, आणि ब्रेक? तेच, चारी चाकांना ड्रम. आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर मुलांना सांगत, वेग दीडपट झाला की थांबवायची ऊर्जा सव्वादोनपट लागते. एक्स्प्रेसवेवर पुढच्या ट्रकने अचानक ब्रेक मारला तर हे गणित पाटीवर सोडवायला वेळ मिळत नाही. गॅरेजवाल्याच्या अंदाजपत्रकात इंजिन आहे, रंग आहे, सीट कव्हरेसुद्धा आहेत. ब्रेकची ओळ मला त्यात सापडली नाही.

कायद्याचेही पाहा. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहेच, आणि जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कारखान्याने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल चालणार नाही. आरसी बुकावर एक इंजिन नंबर आणि बॉनेटखाली दुसरा, अशी गाडी अपघातात सापडली तर विमा कंपनीच्या हाती आयते कारण मिळेल. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरील गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंद करता येते. अट एवढीच की ती मूळ स्वरूपात हवी, इंजिनात किंवा सांगाड्यात मोठी ढवळाढवळ नको. अर्थात तशी नोंद केली तर रोज बाजारात नेता येत नाही, त्यामुळे ती करावीच असे मी म्हणत नाही. पण दार उघडे राहू द्यावे.

एका बाबतीत मात्र गाडी बदलावीच लागेल. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल येते. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा, कार्बोरेटरची पॅकिंगे या पेट्रोलासाठी केलेली नाहीत. ती फुगतात, चिरतात, आणि गळके पेट्रोल गरम इंजिनावर पडले तर पुढचे सांगायला नको. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या आधी घाला. हा खर्च कुणाला दाखवता येत नाही, म्हणून राहून जातो.

गाण्याबद्दल माझे फारसे भांडण नाही. दादाच्या रेडिओवर फक्त मिडियम वेव्ह लागायची आणि पुलाखालून जाताना लताबाई मध्येच गप्प व्हायच्या. त्याचे कसले कौतुक! ब्लूटूथचा लहान सेट ग्लोव्ह बॉक्समध्ये बसतो, दोन स्पीकर सीटखाली मावतात. डॅशबोर्डवरचा रेडिओ आहे तिथे राहील, पत्र्याला एकही भोक नको. पण ३०० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे बारा व्होल्टवर २५ अँपिअर. गाडीला अजून डायनॅमो आहे. सिग्नलला थांबली की तो दिवेसुद्धा धड पेटवत नाही. वायरिंग पन्नास वर्षांचे, वरचे कापड जागोजागी सुटलेले. आधी अल्टरनेटर, नवे वायरिंग आणि फ्यूज, मग काय वाजवायचे ते वाजव. आणि डिकीत ढोल ठेवलास तर वहिनीची व्हीलचेअर कुठे ठेवणार आहेस, ते मला कळव. गाडी मुख्यतः तिच्यासाठीच चालू ठेवायची असे आपले ठरले होते ना? नव्या गाडीत तिला बसता येत नाही असे नाही, पण हिच्यात ती आनंदाने बसते.

गॅरेजवाला म्हणतो, जुने इंजिन भंगारात घेतो, बिलातून पाच हजार कमी करतो. माझे म्हणणे, त्या आधी एका जुन्या लेथवाल्याला ब्लॉक मोजायला दे. बोअरला अजून वाव असेल तर त्याच इंजिनाचे काम कर, निम्मा खर्च मी देतो. आणि माझे न ऐकता नवे बसवलेसच, तरी जुने विकू नकोस. आमच्या जिन्याखाली जागा आहे, टेम्पोचे भाडेही मीच देईन.