थोरलीच्या कडेवरचं लेकरू

दसरा सरला की बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांवर ऊसतोडीच्या मुकादमांचे फोन वाजू लागतात. दिवाळीच्या आगेमागे ट्रक-ट्रॅक्टर दारात येतात. भांडीकुंडी, बाजरीची पोती, एखादी शेळी चढते आणि तरी घरातला एक प्रश्न सुटलेला नसतो : लेकरं कुणापाशी ठेवायची?

म्हातारी धडधाकट असेल तर शाळेतली पोरं तिच्यापाशी राहतात. गावात हंगामी वसतिगृह सुरू झालं तर तिच्या चुलीवरचा भार हलका होतो. पण ते उशिरा सुरू झालं म्हणून ट्रॅक्टर थांबत नाही. संत भगवानबाबांच्या नावानं 41 तालुक्यांत 82 वसतिगृहांची योजना 2021 मध्ये आली. तीही शिकणाऱ्या मुलामुलींसाठी. त्याहून लहान लेकरू आईच्या पाठोपाठ उसाच्या फडात जातं.

आईनं घरीच का राहू नये, असं शहरात हमखास विचारलं जातं. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बाई मागं राहिली की अर्धा कोयता, अर्धी उचल. लेकरू तापानं फणफणलं म्हणून ती एक दिवस कोपीवर, म्हणजे झोपडीत, थांबली, तर खाडा लागतो.

फडात पाचटावर गोधडी अंथरून तान्हं निजवतात. आई मोळी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रकवर चढते, तेव्हा तिची नजर पायाखाली ठेवावी लागते, लेकराकडे वळवता येत नाही. म्हणून थोरलीला सोबत नेतात. आठ-नऊ वर्षांची पोर दिवसभर भावंडाला कडेवर घेऊन फिरते, पाणी भरते, भाकरी थापायला शिकते. आपल्या साखरेचं पाळणाघर ही पोर चालवते आणि तिचं नाव गावच्या शाळेच्या हजेरीपटावर नुसतं पडून असतं. याची मला मनस्वी चीड येते.

 धारूरच्या आजीला फडावर नेलं, तर मागच्या पोरांना कोण बघणार?

ठरावीक संख्येहून जास्त बायका कामाला असतील तिथं पाळणाघर हवं, ही अट 1948 च्या कारखाने कायद्यातच होती. पण ऊस तोडणारी बाई कारखान्याच्या पटावर नसते, ती मुकादमाच्या वहीत असते. तिथंही बहुतेकदा नवऱ्याच्याच नावानं.

तरी पाळणाघर अशक्य नाही. बैलगाडीवाल्यांचं थळ, म्हणजे मुक्काम, तर कारखान्याजवळ महिनोन्‌महिने एका जागी असतं. तिथं पत्र्याची खोली, पाणी आणि टोळीतल्याच दोन बायका, तोडीइतक्या मजुरीवर ठेवता येतील. दहा वाजता उघडणारी अंगणवाडी इथं कामाची नाही. बाया पहाटेच निघतात, दार त्याआधी उघडायला हवं. ऊसतोड कामगार महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे 10 रुपये घ्यायचं ठरलं आहे, त्यातला पहिला पैसा इथं लागावा. आणि साखर आयुक्तांनी गाळप परवाना देताना थकीत एफआरपीसोबत, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या उसाच्या किमान दरासोबत, थळावरच्या पाळणाघराचीही विचारणा करावी, याच हंगामापासून.