मोटार सोडा, पण मोटारसायकलसाठी नव्हे

शहरांतील आपल्या सहानुभूतीदारांत, विशेषतः प्राध्यापक, वकील, बँक-कर्मचारी अशा मध्यमवर्गीय साथींत, एक विचार मूळ धरू लागला आहे. घरची मोटार विकावी, तिच्या जागी मोटारसायकल घ्यावी, आणि आजवर दुचाकीला हात लावला नसला तरी चाळिशी-पन्नाशीत ती चालवायला शिकावे. पेट्रोल वाचते, रस्त्यावरची जागा वाचते, राहणी साधी होते आणि सामान्य माणसाच्या पंगतीला बसल्याचे समाधान मिळते, अशी त्यामागची कारणे सांगितली जातात. या साथींच्या प्रामाणिकपणाविषयी आम्हांला तिळमात्र शंका नाही. परंतु हा विचार चुकीचा आहे. तो केवळ सोयीच्या दृष्टीने चुकीचा असता तर त्यासाठी या पृष्ठाची जागा अडवण्याचे कारण नव्हते. समाजवादी विचार म्हणूनच तो चुकीचा आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. पहाटे कॅन अडकवून डेअरीला जाणारा दूधवाला, दोन तालुके पालथे घालणारी आरोग्यसेविका, एम.आय.डी.सी.तील तिसऱ्या पाळीचा कामगार यांच्या दुचाकीविषयी आम्ही बोलत नाही. त्यांच्यापुढे मोटार की मोटारसायकल असा प्रश्न कधी नव्हताच. पायपीट की मोटारसायकल एवढाच होता. पुण्यासारख्या शहरात लुना आणि त्यानंतरच्या स्कूटर यांनी मुलींना घराबाहेर पडण्याचे जे स्वातंत्र्य दिले, ते अनेक परिसंवादांनी दिले नसेल. तेव्हा दुचाकीला नाके मुरडण्याचा हा खटाटोप नाही. हा लेख ज्याच्यापाशी विकायला मोटार आहे आणि ज्याला दुचाकी येत नाही, त्याच्यासाठी आहे.

आता त्याचा हिशेब पाहू. एकटा मनुष्य मोटारीतून जातो तेव्हा एका लिटरमध्ये साधारण पंधरा-अठरा किलोमीटर जातो. शंभर सी.सी.च्या मोटारसायकलवर तो पन्नास-साठ किलोमीटर जातो. एवढ्यावर तो थांबतो आणि मोटारसायकलच्या बाजूने निकाल देतो. पण बसचा हिशेब कोणी मांडायचा? शहरातील बस एका लिटर डिझेलमध्ये तीन-चार किलोमीटर चालते, आणि तिच्यात पन्नास माणसे असतात. म्हणजे एका लिटरमध्ये दीडशे ते दोनशे माणशी-किलोमीटर. बस अर्धी रिकामी धावली तरी ती मोटारसायकलला मागे टाकते. रस्त्यावरच्या जागेच्या बाबतीतही हेच. ज्याला खरोखर काटकसर करायची आहे त्याने दोन नंबरच्या उत्तरापाशी का थांबावे? याचे उत्तर अप्रिय आहे. मोटारसायकल घेतली तरी ‘माझे वाहन, माझी वेळ, माझा रस्ता’ ही मोटारवाल्याची वृत्ती सोडावी लागत नाही. बसच्या रांगेत ती सोडावी लागते.

दुसरा मुद्दा जिवाचा आहे. केंद्र सरकारच्याच अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. मोटारी, टॅक्सी व तत्सम हलक्या वाहनांतली १२.५ टक्के. यावर कोणी म्हणेल की दुचाक्यांची संख्याच अफाट आहे, नोंदलेल्या वाहनांत सुमारे तीन-चतुर्थांश दुचाक्या आहेत, तेव्हा हे होणारच. आक्षेप रास्त आहे. म्हणून कापलेल्या अंतराचा हिशेब जिथे नीट ठेवला जातो त्या अमेरिकेकडे पाहावे: तितक्याच अंतरासाठी मोटारसायकलस्वाराच्या मृत्यूचे प्रमाण मोटारीतील माणसाच्या वीस पटींहून अधिक आहे. तिथल्या रस्त्यांना साइडपट्टी असते आणि तिथे उसाच्या ट्रॉल्या नसतात.

नवशिक्याची गोष्ट तर आणखी वेगळी. वीस वर्षे मोटार चालवलेल्या माणसाला वाटते की रस्ता आपल्याला कळतो. रस्ता कळतो, वाहन कळत नाही. मोटारीत पायाखाली एक ब्रेक असतो, तो दाबला की चारही चाकांची काळजी यंत्र घेते. मोटारसायकलला थांबवण्याची बहुतेक ताकद पुढच्या चाकाच्या ब्रेकमध्ये असते, आणि तो हाताने, बेताने लावायचा असतो; घाबरलेला नवशिका एक तर तो विसरून पायाचाच दाबतो, नाही तर आवळून धरतो आणि पुढचे चाक वळणावर निसटते. पहिल्या पावसाच्या सरीत रस्त्यावरचे तेल वर येते, नव्या कामाची खडी वळणाच्या आतल्या बाजूला साचते, न रंगवलेला गतिरोधक अंधारात दिसत नाही. मोटारवाल्याला ज्या गोष्टींनी फक्त हादरा बसतो, त्यांनी हा आडवा होतो. मोटारीचा परवाना इथे चालत नाही, गिअरच्या मोटारसायकलसाठी वेगळा काढावा लागतो. परंतु मैदानावर इंग्रजी आठचा आकडा काढून दाखवला की तो पदरात पडतो. त्या आकड्यात ना पाऊस असतो, ना मागून हॉर्न वाजवणारा ट्रक. सुरक्षिततेतही वर्ग असतोच. २०१९ पासून १२५ सी.सी.च्या वरच्या नव्या गाड्यांना चाक अडकू न देणारी ब्रेक-यंत्रणा सक्तीची झाली. त्याखालच्या, म्हणजे कष्टकऱ्याला परवडणाऱ्या गाड्यांचे दोन्ही ब्रेक एकदम लागण्याच्या सोयीवर भागवले गेले.

हेल्मेटविषयी चार शब्द. त्याच २०२२ सालात हेल्मेट न घातलेली पन्नास हजारांवर माणसे मेली. पुण्यात २०१९ साली हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे निघाले आणि त्यांत स्वतःला लोकशाहीवादी म्हणवणारी मंडळीही होती. डोके फोडून घेण्याच्या हक्काला नागरी स्वातंत्र्य म्हणण्याचा विनोद पुण्यातच शोभतो.

यावर एक प्रतिवाद असा येतो, आणि तो सर्वांत वजनदार आहे. मोटारवाला चुकला तर दुसऱ्याला मारतो. मोटारसायकलवाला चुकला तर बहुधा स्वतः मरतो. मग नैतिकदृष्ट्या धोका स्वतःच्या अंगावर घेणे श्रेष्ठ नव्हे काय? पादचाऱ्यांच्या बळींची संख्या पाहता हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मोटारवाल्याची बेपर्वाई हा आपल्या रस्त्यांवरचा उघड वर्गीय अत्याचार आहे. परंतु धोका स्वतःच्या अंगावर घेतला म्हणजे तो तिथेच संपतो, हे गृहीतच खोटे आहे. मागे पत्नी बसते, मुलगी बसते. दुचाकीच्या केवळ कायद्यापुरत्या विम्यात मागे फुकट बसणाऱ्याची जोखीम येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ सालीच सांगितले आहे. चालक-मालकाला सक्तीचे वैयक्तिक संरक्षण आहे, ते पंधरा लाखांचे. मांडीचे हाड मोडून सहा महिने अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा कोण करते? घरातली बाई करते. तिचा पगार बुडतो, मुलाचे शिक्षण लांबते. ज्याला हा साथी स्वतःचा त्याग म्हणतो, त्याचे हप्ते दुसरेच कोणी फेडत असते.

काही मित्र या वादात डॉ. लोहियांचे लहान यंत्र आणतात. मोठे यंत्र ते मोटार, लहान यंत्र ते मोटारसायकल, असा त्यांचा सरळ हिशेब. १९५२ साली पचमढीच्या अधिवेशनात लोहियांनी लहान यंत्राचा विचार मांडला तो उत्पादनाच्या संदर्भात: कमी भांडवलाचे, गावात चालणारे, कामगाराच्या आवाक्यातले यंत्र. मोटारसायकल हे आकाराने लहान असलेले मोठ्या यंत्राचेच अपत्य आहे. चाकणच्या किंवा वाळूजच्या कारखान्यात हजारोंनी तयार होणारी ही वस्तू घेऊन कोणी विकेंद्रीकरण केल्याचे समाधान मानत असेल, तर त्याने लोहिया पुन्हा वाचावेत एवढेच सुचवतो.

खरा धडा दुसरीकडे आहे, आणि तो फार जुना नाही. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात एक लाखाची नॅनो दाखवली गेली. स्कूटरवर भिजत चाललेले चौघांचे कुटुंब पाहून ही कल्पना सुचली, असे तिच्या निर्मात्याने सांगितले होते. ते दृश्य कोणाच्याही काळजाला भिडावे असेच होते. परंतु त्या चौघांना पावसात बस का मिळत नाही, हा प्रश्न त्या दिवशी कोणी विचारला नाही. त्या मोटारीसाठी सिंगूरला सुमारे हजार एकर जमीन घेतली गेली, शेतकरी आंदोलनात उतरले, डाव्या आघाडीच्या सरकारची अब्रू गेली, कारखाना साणंदला गेला. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने ते भूसंपादनच रद्द ठरवले, आणि पुढे मोटारही बंद पडली. त्या वेळी सांगितले गेले: दुचाकी सोडा, मोटार घ्या. आज आपले साथी सांगतात: मोटार सोडा, दुचाकी घ्या. दिशा उलटी, रस्ता तोच. दोन्ही सल्ल्यांत नागरिक दुकानात जातो, आणि वाहतुकीची सोय करण्याचे ज्यांचे काम आहे ते सरकार व ती महानगरपालिका नामानिराळी राहते.

त्यांना नामानिराळे राहू देणे हाच या विचाराचा मोठा अपराध आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कराचे दर बदलले तेव्हा लहान मोटार, ३५० सी.सी.पर्यंतची मोटारसायकल आणि बस या तिन्हींवर १८ टक्के असा एकच दर बसला. एका माणसाला नेणारे वाहन आणि पन्नास माणसांना नेणारे वाहन सरकारच्या लेखी समान! २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात वाहनांना नव्हे, माणसांना वाट द्यावी असे तत्त्व लिहिले आहे. त्याच वर्षी डिसेंबरात पुण्यात कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बससाठी राखीव मार्गिका सुरू झाली. पुढे काय झाले ते पुणेकर जाणतात. मार्गिकांत खासगी वाहने घुसू दिली गेली आणि नगर रस्त्यावरची मार्गिका तर उखडलीच गेली. मुंबईत ‘बेस्ट’ने जुलै २०१९ मध्ये किमान भाडे पाच रुपयांवर आणले तेव्हा उतारू पुन्हा बसकडे वळले, मे २०२५ मध्ये तेच भाडे दुप्पट करून दहा रुपये केले गेले. त्याच वर्षी राज्य मंत्रिमंडळाने विजेवरच्या दुचाकी टॅक्सीला मंजुरी दिली. जी बस सरकारने चालवायची, तिच्याऐवजी बेकार तरुणाच्या मागच्या सीटवर प्रवाशाला बसवून मोकळे व्हायचे, हे धोरण. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली एस.टी. धावली तेव्हा नव्या राष्ट्रापाशी पैसा आजच्याहून कितीतरी कमी होता.

मग ज्याला मोटार नकोशी झाली आहे त्याने करायचे काय? ज्या मार्गावर बस आहे तिथे पास काढावा आणि मोटार खुशाल विकावी. जिथे बस नाही तिथे मोटार विकण्याची घाई करू नये. शेजाऱ्याला, सहकाऱ्याला तिच्यात बसवावे आणि बस मागणाऱ्या अर्जावर त्या सर्वांच्या सह्या घ्याव्यात. मोटारसायकल शिकण्याची हौस असेल तर अवश्य शिकावी, मात्र हौस म्हणून, दिवसाउजेडी, मोकळ्या रस्त्यावर, पावसाळा टाळून, मागे कोणाला न बसवता. शिकाऊ परवान्यावर शिक्षकाखेरीज कोणाला मागे बसवणे कायद्यानेही मना आहे. पहिल्याच वर्षी तिच्यावर घरदार सोपवू नये.

शेवटी पक्षाकडे वळणे भाग आहे, कारण या बाबतीत पक्ष धुतल्या तांदळासारखा नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी बैठक सहाला बोलवायची, ती साडेसातला सुरू करायची, अध्यक्षीय समारोप साडेदहाला, आणि मग चाळीस-पन्नास किलोमीटरवरच्या तालुक्यातल्या कार्यकर्त्याला ‘जपून जा हं’ म्हणून निरोप द्यायचा, ही आपली जुनी रीत. गाळपाच्या हंगामात रात्री त्या रस्त्यावर मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या असतात. त्या कार्यकर्त्याच्या जवळ विकायला मोटार नाही, आणि शेवटची एस.टी. केव्हाच गेलेली असते. प्रवासखर्च देताना आपण पेट्रोलचे पैसे देतो, आणि त्याच्यापाशी हेल्मेट आहे काय हेही विचारत नाही. येत्या जिल्हा बैठकांत दोन ठराव यावेत असे आम्ही सुचवतो. बैठकीची वेळ शेवटच्या एस.टी.च्या वेळापत्रकावरून ठरवावी; आणि ज्या तालुक्याला रात्रीची गाडी उरलेली नाही, तिथल्या आगारप्रमुखाला त्या तालुक्याच्या शाखेने ती पुन्हा सुरू करण्याचे निवेदन पंधरा दिवसांच्या आत द्यावे. तोवर अशा तालुक्यातल्या साथीची त्या रात्रीची मुक्कामाची सोय जिल्हा कचेरीने करावी. कचेरीत चार सतरंज्या आहेत.