मेमरी कार्डावरची पुष्पिका

थ्रेड 🧵 : नवापूरचे रोडाली, मुंबईतील एक विस्मृत सिंथेसायझर-वादक आणि ज्याचे दफ्तर कोणी ठेवले नाही असे संगीत.

नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. हद्दीची रेषा फलाटावरूनच जाते. संगीताने ती रेषा कधी मानली नाही. नवापूर, सोनगड, व्यारा या पट्ट्यात लग्नसराईत जे ‘रोडाली’ वाजते ते दोन्ही राज्यांत एकच : की-बोर्डवर सनईसदृश सूर, खाली इलेक्ट्रॉनिक ठेका आणि समोर रात्र सरली तरी न थांबणारा नाचणाऱ्यांचा फेर.

पुण्या-मुंबईत ‘इंडी’ आणि ‘इलेक्ट्रॉनिक’ संगीताची चर्चा रंगते तेव्हा या बँडांचे नाव निघत नाही. वास्तविक ‘इंडी’ हा मूळ शब्द शैलीचा नव्हे, उत्पादनपद्धतीचा. बड्या कंपनीच्या आश्रयाविना स्वतः वाजवायचे, स्वतः ध्वनिमुद्रित करायचे, स्वतः पोहोचवायचे, एवढाच त्याचा अर्थ. १९७७ च्या जानेवारीत इंग्लंडमधील एका हस्तनिर्मित पंक नियतकालिकाने गिटारच्या तीन कॉर्डच्या आकृत्या छापल्या आणि वाचकांना सरळ बँड काढण्यास सांगितले. परवानगीची वाट न पाहणे हा पंकचा गाभा मानला, तर नंदुरबारच्या बँडांना त्या परंपरेचे नातलग म्हणण्यास हरकत नसावी. (केस रंगवलेले नसले तरी!)

येथे एक आक्षेप हमखास येतो : ‘कॅसिओने आदिवासी संगीत बिघडवले, खरे संगीत पावरीचे.’ दुधी भोपळ्याची, श्वास न तोडता वाजवायची पावरी आणि तिच्यासह चालणारा डोंगऱ्यादेवाचा उत्सव यांचे मोल कोणी नाकारत नाही. पावरी घडवणारे हात कमी झाले तर ती हानी खरीच आहे. परंतु ‘शुद्धते’चा हा आग्रह इतरांच्या बाबतीत कोणी धरत नाही. हार्मोनियम हे युरोपातून आलेले वाद्य. ते भारतीय संगीताला मारक आहे असे ठरवून १९४० साली ऑल इंडिया रेडिओने त्यावर बंदी घातली आणि ती तीन दशके टिकली. त्या काळातही महाराष्ट्रातील भजनी मंडळांची पेटी काही बंद पडली नाही. आज पेटीविना भजनाची कल्पना करवत नाही. वारकऱ्याने पेटी घेतली तर ती परंपरा आणि मावची तरुणाने की-बोर्ड घेतला तर तो ऱ्हास, हा न्याय अजब आहे.

यंत्राचा निर्माता एक हेतू ठरवतो आणि वापरणारा दुसराच, हेच तर इलेक्ट्रॉनिक संगीताचे चरित्र. जपानच्या रोलँड कंपनीचे टीबी-३०३ हे यंत्र एकट्या वादकाला बेस गिटारची साथ मिळावी म्हणून बनले. ते खपले नाही; १९८४ पर्यंत उत्पादनही थांबले. मग जुन्या बाजारात स्वस्तात मिळणारे तेच यंत्र घेऊन शिकागोच्या कृष्णवर्णीय तरुणांनी ‘ॲसिड हाउस’ हा नवा संगीतप्रकार घडवला. त्याची पहिली ध्वनिमुद्रिका म्हणून ‘फ्यूचर’ या गटाच्या १९८७ मधील रचनेचे नाव घेतले जाते.

आणि येथेच मुंबईचा प्रवेश होतो. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये हेच टीबी-३०३, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर घेऊन भैरवी, ललत, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर ध्वनिमुद्रित केले. शिकागोच्या पाच वर्षे आधी! तबकडी ग्रामोफोन कंपनीने काढली, ती फारशी कोणी घेतली नाही आणि विषय संपला. २००२ मध्ये एदो बाउमन या डच संग्राहकाला जुन्या तबकड्यांत ती सापडली. २०१० मध्ये तिचे पुनःप्रकाशन झाले आणि वयाच्या सत्तरीत सिंग यांना युरोपच्या रंगमंचांवर बोलावणी आली. २०१५ मध्ये ते निवर्तले.

ही कथा सहसा कौतुकाने सांगितली जाते. वस्तुतः ती आपल्याला लाज वाटावी अशी आहे. तरीही सिंग यांच्यापाशी एक गोष्ट होती : तबकडी. तिच्यावर नाव होते, वर्ष होते, कंपनी होती. म्हणून वीस वर्षांनीही ती सापडू शकली.

सातपुड्याच्या पायथ्याशी तेवढेही नव्हते. शहादा परिसरात अंबरसिंग महाराजांनी भजनी मंडळांतून माणसे जोडली. १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली, भिलीत चळवळीची गाणी रचली गेली. त्या चळवळीतून पुढे आलेले भिली कवी वाहरू सोनवणे यांच्या ‘स्टेज’ या कवितेचा विषयच मंचावर कोण बसते हा आहे. कविता छापली गेली म्हणून उरली. जी गाणी केवळ गायली गेली, त्यांचे काय?

पुढे कॅसेट आली आणि मग मेमरी कार्ड. बाजाराच्या दिवशी मोबाईलच्या दुकानात काही रुपये मोजायचे आणि शेकडो गाणी भरून न्यायची. होळीपूर्वीच्या भोंगऱ्या बाजारात घेतलेले गाणे ब्लूटूथने पाड्यापाड्यांत पोहोचे. याहून स्वतंत्र वितरणव्यवस्था कोणत्या इंडी चळवळीने उभारली? मात्र त्या फायलीला गायकाचे नाव क्वचितच असे. असे ते दुकानाचे, किंवा गाणे मिक्स करणाऱ्या डीजेचे, तेही गाण्याच्या मध्येच मोठ्याने ओरडलेले.

या ओरडण्याला रसिक वैतागतात. इतिहासाच्या अभ्यासकाने वैतागू नये. जुन्या पोथीच्या शेवटी नकलाकार पुष्पिका लिहितो : अमक्याने, अमक्या गावी, अमक्या तिथीला लिहून पूर्ण केले. कित्येकदा कर्त्याविषयी काहीच कळत नाही, परंतु नकलाकाराचे गाव कळते, आणि त्या धाग्यावरून पोथीचा प्रवास उलगडतो. डीजेची आरोळी ही त्या फायलीची पुष्पिका आहे.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओचे स्वस्त इंटरनेट आले आणि कार्डांची गरज सरली. आजचे रोडाली यूट्यूबवर आहे, बँडच्या नावासह आहे. त्याची चिंता तुलनेने कमी. धोक्यात आहे तो मधला काळ, कॅसेट आणि यूट्यूब यांच्यामधली दहाएक वर्षे. ती वर्षे ड्रॉवरमधल्या बिघडलेल्या हँडसेटांत पडून आहेत. ते वाजवणारे बहुतेक लोक आज हयात आहेत, त्यांचे गाव माहीत आहे, त्यांना विचारता येते. जिल्ह्यातील महाविद्यालयांत इतिहासाचे आणि मराठीचे प्रकल्प दरवर्षी होतात, आणि विषयांच्या यादीत शिवकालाला तोटा नाही. एखाद्या वर्षी एका तुकडीने घरोघरची कार्डे उतरवून घ्यावीत. प्रत्येक फायलीपुढे वाजवणारा, गाव, भाषा, अंदाजे वर्ष लिहावे. आणि ती कोणाला ऐकवायची, त्यातून पैसा आला तर कोणाकडे जायचा, हे वाजवणाऱ्यालाच ठरवू द्यावे.

हा थ्रेड नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा, धडगावपर्यंत पोहोचला असेल तर एक विनंती : घरातले जुने कार्ड फॉरमॅट करण्याआधी एकदा लावून पाहा, आणि त्यात कोणाच्या नावाची आरोळी ऐकू येते ते खाली लिहा.